कॉलेजचा रस्ता वेळापत्रकातून जातो

कॅलिफोर्नियातल्या सरकारी हायस्कूलमधून दर उन्हाळ्याच्या तोंडावर लाखो मुलं बाहेर पडतात. प्रत्येकाच्या हातात डिप्लोमा असतो आणि तो सगळ्यांचा सारखाच दिसतो. पण यातली साधारण निम्मीच मुलं राज्याच्या विद्यापीठांत थेट प्रवेशासाठी पात्र असतात. उरलेली मुलं नापास झालेली नसतात. चार वर्षं शाळेत जाऊन, तास भरून, परीक्षा देऊन ती रीतसर उत्तीर्ण झालेली असतात. त्यांच्या वेळापत्रकात काही विषय आलेच नाहीत, किंवा उशिरा आले, किंवा आले तेव्हा शिकवणारं कुणी नव्हतं. अनेक घरांना याचा पत्ता बारावीत, विद्यापीठाचा अर्ज भरायला बसल्यावर लागतो.

मुलांना कॉलेजची तयारी करून देणारे वर्ग त्यांच्याच शाळेत मिळावेत, यासाठी अमेरिकेत गेली अनेक दशकं विद्यार्थी, पालक, शिक्षक आणि वकील झगडत आहेत. या झगड्याचं सगळ्यात ठळक रूप कॅलिफोर्नियात, त्यातही लॉस एंजेलिसमध्ये दिसतं, म्हणून या लेखात मुख्यतः तिथलीच हकीकत आहे.

आधी नियम समजून घेऊ, कारण सगळा अन्याय नियमांच्या फटीतून आत शिरतो. 1960 साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा मोठा आराखडा मंजूर केला. क्लार्क केर हे त्याचे शिल्पकार. हायस्कूल संपवणाऱ्या मुलांपैकी वरच्या एक अष्टमांशांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात जागा, वरच्या एक तृतीयांशांना स्टेट युनिव्हर्सिटीत आणि बाकी सर्वांना कम्युनिटी कॉलेजची दारं उघडी, अशी ती मांडणी होती. पात्रतेसाठी विद्यापीठांनी विषयांची यादी ठरवली. आज ती ‘ए-जी’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात सात गट आणि वर्षभराचे पंधरा अभ्यासक्रम आहेत: इतिहास-समाजशास्त्र दोन वर्षं, इंग्रजी चार, गणित तीन, प्रयोगशाळेसह विज्ञान दोन, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा दोन, कला एक आणि एक ऐच्छिक विषय. प्रत्येकात किमान ‘सी’ श्रेणी लागते.

डिप्लोमासाठी राज्याने ठरवलेली किमान अट मात्र यापेक्षा हलकी आहे. इंग्रजी तीन वर्षं आणि गणित दोन वर्षं पुरतं, दुसरी भाषा टाळता येते आणि ‘डी’ श्रेणीवरही विषय सुटतो. शिवाय विषयाचं नाव यादीतल्या नावाशी जुळलं म्हणून भागत नाही. प्रत्येक शाळेला आपला अभ्यासक्रम विद्यापीठाकडे पाठवून मान्य करून घ्यावा लागतो.

गणिताकडे पाहिलं की वेळेचा हिशेब किती घट्ट आहे ते कळतं. बीजगणित, भूमिती, मग बीजगणित भाग दोन, अशी तीन वर्षांची साखळी आहे. नववीत बीजगणित सुरू केलेलं मूल अकरावीत ती पूर्ण करतं, हाताशी एक वर्ष उरतं. नववीत कुणी त्याला व्यवहारी गणिताच्या वर्गात बसवलं, तर साखळी बारावीत संपते आणि मध्ये एकदा जरी ‘डी’ आला तरी पात्रता धोक्यात येते. कॅल्क्युलसपर्यंत पोचायचं असेल तर बीजगणित आठवीतच व्हायला हवं. म्हणजे इंजिनिअरिंगकडे जाऊ शकणारं मूल तेरा-चौदा वर्षांचं असतानाच एका कागदावर वेगळं पडतं.

हा कागद कोण भरतो? नियमानुसार विद्यार्थी आणि पालक. प्रत्यक्षात शाळेतला समुपदेशक. अडीचशे मुलांमागे एक समुपदेशक असावा, अशी त्या व्यवसायाच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे, आणि कॅलिफोर्निया वर्षानुवर्षं या शिफारशीपासून फार दूर राहिला आहे. एवढ्या मुलांचं वेळापत्रक लावणारा माणूस प्रत्येकाला समोर बसवून भविष्य विचारू शकत नाही. जिथे जागा रिकामी असेल तिथे नाव टाकलं जातं. ज्या घरात विद्यापीठाची पायरी आधी कुणी चढलेलं असतं, तिथून फोन जातो, ईमेल जाते आणि चार दिवसांत वर्ग बदलून मिळतो. बे एरियातल्या क्युपर्टिनो, सनीव्हेलकडच्या मराठी घरांत ही साखळी पाठ असते. पुण्या-मुंबईहून गेलेले आईवडील मूल सहावीत असतानाच पुढच्या गणिताची चौकशी सुरू करतात. त्यांचं काही चुकत नाही. पण दोन पाळ्यांत काम करणाऱ्या, इंग्रजी न येणाऱ्या आईने ही चौकशी कुणाकडे आणि कधी करायची? शिक्षणव्यवस्थेने या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं आणि तिथली व्यवस्था ते फार काळ टाळत आली.

मुलांना असं आधीच वेगळं काढायला नको, हा विचार तिथे जुना आहे. 1892 मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेखाली दहा जणांची समिती नेमली गेली. विषय शाळेत शिकवला जात असेल तर तो सर्व मुलांना सारखाच शिकवावा, मूल पुढे कॉलेजात जाणार की कामाला लागणार हे पाहू नये, असं तिने सुचवलं. पण पुढच्या पंचवीस वर्षांत हायस्कूलमधली गर्दी वाढली, स्थलांतरितांची मुलं आली, बुद्धिमापन चाचण्यांचं पेव फुटलं. 1917 च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने व्यवसाय शिक्षणाला केंद्राचा पैसा मिळू लागला. कौशल्य शिकवण्यात काहीच गैर नाही. गैर होतं ते कुणाला काय शिकवायचं हे मुलाचं आडनाव, वस्ती आणि कातडीचा रंग पाहून ठरणं.

याविरुद्ध पहिला मोठा उठाव मुलांनीच केला. मार्च 1968 मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधल्या गारफील्ड, रूझवेल्ट, लिंकन अशा शाळांमधून मेक्सिकन वंशाची हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. लिंकन हायस्कूलमधले शिक्षक सॅल कॅस्ट्रो त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मागण्या साध्या होत्या. स्पॅनिश बोललं म्हणून शिक्षा नको, आमचा इतिहास शिकवा, आमच्या समाजातले शिक्षक नेमा आणि आम्हाला सरसकट कारखान्याच्या कामाकडे ढकलू नका, कॉलेजसाठी तयार करा. कॅस्ट्रोंसह तेरा जणांवर कटाचे आरोप ठेवले गेले. आरोप पुढे टिकले नाहीत, पण कॅस्ट्रोंना पुन्हा वर्गावर उभं राहण्यासाठी झगडावं लागलं. शाळेतल्या पोरांनी अभ्यासक्रमाची मागणी केली आणि शिक्षकाला तुरुंगाची हवा खावी लागली, हे या चळवळीच्या इतिहासाचं पहिलं पान आहे आणि ते विसरता कामा नये.

त्याच गारफील्ड शाळेत सहा वर्षांनी, 1974 मध्ये, बोलिव्हियाहून आलेले हायमे एस्कलांते गणित शिकवू लागले. 1982 मध्ये त्यांचे अठरा विद्यार्थी एपी कॅल्क्युलस परीक्षेत उत्तीर्ण झाले. एपी म्हणजे हायस्कूलमध्येच कॉलेजच्या तोडीचा अभ्यासक्रम. परीक्षेत चांगले गुण मिळाले तर अनेक विद्यापीठं त्याचं श्रेय देतात. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला चौदा उत्तरपत्रिकांबद्दल संशय आला. त्यातल्या बारा जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि बाराच्या बारा उत्तीर्ण झाले. 1988 च्या ‘स्टँड अँड डिलिव्हर’ या चित्रपटामुळे ही गोष्ट जगभर गेली.

चित्रपट पाहून असं वाटतं की एका जिद्दी शिक्षकाने वर्षा-दोन वर्षांत चमत्कार केला. खरी हकीकत जास्त शिकवणारी आहे. 1982 पर्यंत पोचायला एस्कलांतेंना आठ वर्षं लागली. कॅल्क्युलसच्या खालची एकेक इयत्ता त्यांनी भक्कम केली, सोबतीला दुसरे गणित शिक्षक तयार केले, उन्हाळ्यात जवळच्या ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजात वर्ग चालवले, म्हणजे मागे पडलेलं मूल सुट्टीत एक वर्ष भरून काढू शकेल. मुख्याध्यापक हेन्री ग्राडिलास पाठीशी खंबीर होते. त्यांनी खालच्या दर्जाचे वर्ग कमी केले आणि कठीण वर्ग वाढवले. ग्राडिलास गेले, 1991 मध्ये एस्कलांतेही शाळा सोडून गेले आणि काही वर्षांत हे सगळं ओसरलं. मला या प्रकरणातला हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एका माणसाच्या खांद्यावर उभी राहिलेली संधी त्या माणसाबरोबर निघून जाते. ती नियमात, वेळापत्रकात, अंदाजपत्रकात उतरावी लागते.

याच सुमारास देशाच्या दुसऱ्या टोकाला बॉब मोझेस नावाचा माणूस गणिताच्या याच संधीसाठी झगडत होता. साठच्या दशकात मिसिसिपीत काळ्या नागरिकांची मतदार नोंदणी करताना त्यांनी मार खाल्ला होता. 1982 मध्ये मिळालेल्या मॅकआर्थर फेलोशिपच्या पैशातून त्यांनी केंब्रिजमध्ये मुलांना बीजगणित शिकवण्याचा प्रकल्प उभा केला. त्यांच्या मते बीजगणितापर्यंत पोचणं हा मतदानाइतकाच नागरी हक्क होता, कारण ज्याला ते येत नाही तो नव्या अर्थव्यवस्थेच्या बाहेर राहणार. 2021 मध्ये वारले तोपर्यंत ते या कामात होते.

1985 मध्ये जेनी ओक्स यांचं ‘कीपिंग ट्रॅक’ हे पुस्तक आलं. पंचवीस शाळांमध्ये काय चालतं ते पाहून त्यांनी दाखवलं की ‘खालच्या’ वर्गात टाकलेल्या मुलांना विषय तर हलका मिळतोच, शिवाय विचार करायला लावणारे प्रश्न, चर्चा, प्रयोग, लेखन हे सगळंच कमी मिळतं. आणि अशा वर्गांत गरीब, काळी व लॅटिनो मुलं त्यांच्या संख्येच्या मानाने फार जास्त असतात. या पुस्तकाने चळवळीला पुरावा दिला.

पुरावा मग कोर्टात गेला. 1999 मध्ये इंगलवूड हायस्कूलच्या विद्यार्थ्यांच्या वतीने नागरी हक्क संघटनेच्या वकिलांनी राज्य सरकारवर दावा लावला. इंगलवूडमध्ये बहुतेक मुलं काळी आणि लॅटिनो, आणि तिथले एपी अभ्यासक्रम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. काही मैलांवरच्या बेव्हर्ली हिल्सच्या शाळेत ते भरपूर. मान्यताप्राप्त एपी आणि ऑनर्स विषयांतल्या चांगल्या श्रेणीला विद्यापीठ प्रवेशात जादा गुण धरतं, त्यामुळे वर्गच नसलेल्या शाळेतल्या हुशार मुलीची सरासरी तिने काहीही केलं तरी बेव्हर्ली हिल्सच्या मुलीच्या बरोबरीला येऊ शकत नव्हती. दाव्याचा हा युक्तिवाद बिनतोड होता. पाठोपाठ 2000 साली विल्यम्स खटला उभा राहिला. पाठ्यपुस्तकं नाहीत, पात्र शिक्षक नाहीत, इमारती मोडक्या आहेत, अशी त्यात तक्रार होती. 2004 मध्ये राज्याने तडजोड करून या किमान गोष्टींची जबाबदारी मान्य केली.

2005 मध्ये जोनाथन कोझोल यांचं ‘द शेम ऑफ द नेशन’ प्रसिद्ध झालं. त्यात लॉस एंजेलिसच्या फ्रीमॉन्ट हायस्कूलमधल्या एका मुलीची गोष्ट आहे. तिला कॉलेजात जायचं होतं, त्यासाठी लागणारे वर्ग हवे होते. तिला शिवणकाम आणि केशरचना हे विषय मिळाले. तिची आई शिवणकामच करायची. मुलीला आणखी काही शिकायचं होतं. वर्गात बसून ती हे सांगताना रडते. या सगळ्या विषयावरचे अहवाल बाजूला ठेवले तरी चालेल, पण हा प्रसंग वाचकाने जरूर वाचावा.

कोझोल यांचं पुस्तक येण्याच्या सुमारासच लॉस एंजेलिसचे विद्यार्थी पुन्हा एकत्र आले होते. पूर्व भागातली ‘इनरसिटी स्ट्रगल’, दक्षिण भागातली ‘कम्युनिटी कोअॅलिशन’ आणि इतर संघटना एका झेंड्याखाली आल्या. ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासगटाने आकडेवारी पुरवली. मुलांनी आपापल्या शाळांचे अभ्यासक्रम मोजले, वर्गमित्रांची पाहणी केली, सह्या गोळा केल्या, शाळा मंडळाच्या बैठकीत माईकसमोर उभं राहून सांगितलं की पंधरा विषयांची यादी आम्हाला कुणी दाखवलीच नाही. 14 जून 2005 रोजी लॉस एंजेलिस शाळा मंडळाने ठराव केला: ए-जी विषय हीच यापुढे डिप्लोमाची अट, आणि ती टप्प्याटप्प्याने लागू होणार. ज्याला हे विषय हवेत त्याने मागून घ्यायचे, हा क्रम मोडला. आता ते सर्वांच्याच वेळापत्रकात येणार होते.

विरोधकांचे मुद्दे पोकळ नव्हते. शिक्षक कुठून आणणार, आधीच मागे असलेली मुलं शाळा सोडतील, सुतारकाम-यंत्रकाम शिकणाऱ्यांचं काय, असं ते विचारत. कॅलिफोर्नियातल्याच सॅन होजे शहराने हाच निर्णय 1998 मध्ये घेतला होता आणि तिथे मुलांनी घाऊक संख्येने शाळा सोडल्याचं दिसलं नव्हतं. तरी शिक्षकांचा मुद्दा खरा होता.

तो लॉस एंजेलिसमध्ये दहा वर्षांनी अंगावर आला. ठरावाबरोबर पुरेसे पैसे, जादा तास, उन्हाळी वर्ग आले नाहीत. नववीत बीजगणितात अडखळलेली मुलं तशीच पुढे सरकत राहिली. ‘सी’ श्रेणीची अट लावली तर हजारो मुलांचा डिप्लोमा अडकेल हे दिसू लागल्यावर मंडळाने 2015 मध्ये ‘डी’ चालेल असं पक्कं केलं. विषय तेच राहिले, पण ‘डी’ घेतलेल्या मुलाला विद्यापीठ पूर्वीप्रमाणेच नाकारणार. राहिलेले विषय संगणकावर झटपट पूर्ण करून घेण्याचे वर्गही वाढले आणि त्यांच्या दर्जाबद्दल टीका झाली. मुलांना दरवाजापर्यंत नेऊन उंबरठ्यावर सोडून देण्याचा हा प्रकार होता आणि मला तो मंडळाचा कमकुवतपणा वाटतो. त्यातून ठराव चुकीचा होता असा निष्कर्ष काढणं मात्र साफ चूक आहे.

तसं का म्हणतो, ते शिकागोवरून स्पष्ट होईल. शिकागोने 1997 मध्ये सर्व नववीच्या मुलांना बीजगणित सक्तीचं केलं. वर्ग एकत्र केले, बाकी फारसं काही बदललं नाही. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलं तेव्हा नापास होणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं होतं, आणि गुण काही सुधारले नव्हते. विरोधकांनी हा दाखला अनेक वर्षं वापरला. पण गोष्ट तिथे संपत नाही. 2003 पासून शिकागोने कच्च्या मुलांना रोज बीजगणिताचे दोन तास द्यायला सुरुवात केली, शिक्षकांना त्यासाठी प्रशिक्षण आणि साहित्य दिलं. या मुलांचा पुढे मागोवा घेतल्यावर त्यांच्यात हायस्कूल पूर्ण करणारे आणि कॉलेजात जाणारे जास्त निघाले. शहर एक, विषय एक, मुलंही तशाच घरांतली. फरक पडला तो जादा वेळ आणि तयार शिक्षक यांमुळे.

उलट्या दिशेची चूक सॅन फ्रान्सिस्कोने केली. 2014 पासून तिथे आठवीतलं बीजगणित बंद झालं. सगळी मुलं नववीतच सुरुवात करतील आणि विषमता मिटेल, ही कल्पना. ज्यांना परवडत होतं त्यांनी बाहेर फी भरून तो विषय पूर्ण करून घेतला. ज्या गरीब मुलांमध्ये कुवत होती त्यांचाच मार्ग बंद झाला. मार्च 2024 मध्ये मतदारांनी ऐंशी टक्क्यांहून अधिक मतांनी आठवीतलं बीजगणित परत आणा असा कौल दिला. संधी काढून घेऊन समता येत नाही, हे तिथल्या लोकांनी स्पष्ट सांगितलं.

अलीकडची सर्वांत शहाणी कल्पना साधी आहे आणि ती डावे-उजवे दोघांच्याही राज्यांत स्वीकारली गेली आहे. नॉर्थ कॅरोलायनाने 2018 मध्ये कायदा केला की राज्याच्या गणित चाचणीत वरच्या पातळीवर आलेलं मूल आपोआप प्रगत गणिताच्या वर्गात जाईल. टेक्सासने 2023 मध्ये सहावीसाठी तसंच केलं. वॉशिंग्टन राज्यात 2019 पासून हाच मार्ग आहे. शिक्षकाची शिफारस नको, पालकाचा अर्ज नको. वर्ग नको असेल तर तसं पालकाने कळवायचं. पूर्वी ज्या मुलीच्या आईला फोन करायला सवड नव्हती, तिचंही नाव आता यादीत असतं. पण चाचणीत वर न आलेल्या मुलांसाठी शिकागोसारखे दुहेरी तास लागतातच. आपोआप प्रवेश आणि जादा वेळ या दोन गोष्टी एकत्र आल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही, असं माझं मत आहे.

विषय घ्यायचा तर आधी तो शाळेत असायला हवा. अमेरिकी शिक्षण खात्याच्या नागरी हक्क विभागाने 2014 मध्ये देशभरची माहिती प्रसिद्ध केली. काळ्या आणि लॅटिनो मुलांचं प्रमाण सर्वाधिक असलेल्या हायस्कूलांपैकी सुमारे एक चतुर्थांश शाळांमध्ये बीजगणित भाग दोन शिकवलाच जात नव्हता, आणि एक तृतीयांश शाळांमध्ये रसायनशास्त्र नव्हतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाने 2020 मध्ये प्रवेशासाठी एसएटी परीक्षा वगळण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे शाळेत कोणते विषय घेतले आणि त्यांत काय मिळालं याचं वजन तर आणखीच वाढलं आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परकं वाटू नये. आपल्याकडे दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी ‘सामान्य गणित’ घेण्याची सोय काही वर्षं होती. मुलं गणितात नापास होऊ नयेत हा हेतू चांगला होता. पण तो पर्याय घेतलेल्या मुलाला अकरावीत गणित घेऊन विज्ञान शाखेला जाता येत नव्हतं, आणि ही गोष्ट किती घरांना नववीत कुणी समजावून सांगितली? राज्याच्या परीक्षा मंडळाने पुढे हा पर्याय बंद केला, ते योग्यच केलं. पण अडखळणाऱ्या मुलाला जादा तास देण्याचं काम शाळेकडून खासगी क्लासकडे गेलं ते गेलंच. ज्याला क्लासची फी परवडते त्याची तयारी होते. दुर्गम तालुक्यातल्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राची जागा रिकामी आहे, तिथली मुलगी नीट किंवा जेईईच्या अर्जावर लातूर-पुण्याच्या मुलांसारखीच सही करते, आणि स्पर्धा समान आहे असं आपण म्हणतो.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी पालकांना माझी विनंती आहे. तुमच्या मुलांना हे वर्ग मिळतात, ते मिळावेतच. पण तुमच्याच जिल्ह्यात कोणत्या शाळेतली किती मुलं ए-जी विषय ‘सी’ श्रेणीसह पूर्ण करतात, हा आकडा जाहीर असतो. तो काढा आणि शाळा मंडळाच्या पुढच्या बैठकीत दुसऱ्यांच्या मुलांसाठीही उभे राहा. इथल्या वाचकांनी आपल्या तालुक्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन एवढंच विचारावं: अकरावी विज्ञानाचे गणित, भौतिक आणि रसायन हे तीन विषय शिकवायला आज किती शिक्षक नेमलेले आहेत आणि किती जागा रिकाम्या आहेत? उत्तर लेखी मागा.